खाली ठेवलेला पेला

माझ्या नोफाचं लग्न झालं ते साल दोन हजार चार. नोफा माझी थोरली मुलगी. त्या दिवशी मफ्रकच्या बसमधून उतरलेली एक परदेशी मुलगी ढोलाचा आवाज ऐकून आमच्या तंबूपाशी येऊन उभी राहिली. बायकांनी तिला हाताला धरून आत ओढलं. ती त्यांच्यात नाचली, मन्सफ, ताकात शिजवलेलं मटण आणि भात, खाताना कोपरापर्यंत ताक ओघळवलं, आणि मग वही काढून माझ्या बायकोला, उम्म सनदला, विचारत बसली, नवरीला सोनं किती, गाद्या किती, शिवणाचं मशीन कोणी दिलं.

"ही काय शिरगणतीवाली आहे का?" उम्म सनदने मला आडोशाला बोलावून विचारलं. "कोंबड्यासुद्धा मोजल्या हिने."

महिन्याभराने ती परत आली. हातात एक मासिक होतं, त्यात नोफाच्या मेंदी लावलेल्या हातांचा फोटो आणि त्याभोवती बारीक अक्षरं. ती आनंदाने नुसती फुलली होती. आमच्या भागाबद्दल तिने लिहिलेलं आणि कोणीतरी विकत घेतलेलं ते पहिलं काम. तिचं नाव ओर्ला, गाव आयर्लंडमध्ये कुठेतरी. आमच्या बायकांनी त्याच दिवशी तिची उला करून टाकली. दुसऱ्या दिवसापासून मी तिला माझ्या गाडीतून फिरवायला लागलो.

उला कुठल्याही पेपरची नोकर नव्हती. अम्मानमध्ये एका गच्चीवरच्या खोलीत राहायची. तिथून वीस संपादकांना पत्रं लिहायची, त्यातला एखादा उत्तर द्यायचा, आणि त्या एखाद्यासाठी आम्ही तीन दिवस वाळवंट तुडवायचो. पाण्याच्या टाक्या, कापड गिरणीतल्या परदेशी पोरी, इराकहून पळून आलेला दाताचा डॉक्टर, उंटांच्या शर्यती. लिहून झालं की कळायचं, ते नकोच आहे, त्या आठवड्यात दुसरीकडे कुठेतरी बॉम्ब फुटलाय. मोठ्या पेपरांची माणसं पोहण्याचा तलाव असलेल्या हॉटेलात उतरायची. त्यांच्या गळ्यात छापील ओळखपत्रं असायची. हिचं ओळखपत्र हिनेच एका दुकानात प्लास्टिकमध्ये घालून घेतलं होतं.

तिची अरबी शाळेतली होती, बातम्या वाचतात तशी. टोमॅटोचा भाव विचारला तरी भाजीवाला सावरून उभा राहायचा. पण आमच्याकडचं भराभर बोलणं तिला नीट कळत नसे. ते मी सांगायचो. रस्ता मी दाखवायचो, कोणाच्या घरी आधी कोणाला सलाम करायचा ते मी सांगायचो, आणि दार उघडत नसेल तर उघडून द्यायचो. मला त्याचा गर्व होता. मी म्हणायचो, या जिल्ह्यात असं दार नाही जे अबू सनदसाठी उघडत नाही.

एक गोष्ट मात्र मी तिच्यापासून लपवून ठेवली होती. मला वाचता येत नव्हतं. फौजेत मी ड्रायव्हर होतो, तिथे हात चालले तर पुरे होतं. रस्त्यावरच्या पाट्या मी रंगावरून आणि वळणावरून ओळखायचो. मोबाईलमध्ये सनदने, माझ्या मुलाने, प्रत्येक नंबरापुढे चित्र लावून दिलं होतं. उंट म्हणजे माझा भाऊ, टायर म्हणजे गॅरेजवाला, पेन म्हणजे उला. ती कधी कागद पुढे करायची तेव्हा मी खिसे चाचपायचो आणि म्हणायचो, चष्मा घरी राहिला. सहा वर्षं माझा चष्मा घरी राहिला. तिने एकदा मला अम्मानहून नवा चष्मा आणून दिला. तो मी गाडीत ठेवला आणि त्यानंतर म्हणायला लागलो, याचा नंबर बरोबर नाही.

दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात उलाच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. बहीण तिला सारखी फोन करून बोलवत होती. ती मला म्हणाली, "काका, या वर्षाअखेरपर्यंत एक तरी मोठं काम झालं नाही तर मी घरी जाते. छत्तीस वर्षांची झाले. अजून आईला सांगता येत नाही की मी नक्की काय करते."

"मग करू मोठं काम," मी म्हणालो.

"कोणतं करायचं ते मला माहीत आहे. तुम्ही दार उघडून द्या."

ते दार हाज मुफ्लेह यांचं होतं.

हाज मुफ्लेह आमच्यातले नव्हते. ते करकच्या बाजूचे, ऐन सिदर नावाच्या गावचे. सात वर्षांपूर्वी त्यांच्या पुतण्याच्या मुलाने त्याच गावातल्या रातिब नावाच्या तरुणाला गोळी घातली होती. मुलगा तुरुंगात गेला. पण रक्त सांडलं की मारणाऱ्याच्या पाच पिढ्यांच्या भाऊबंदांनी गाव सोडायचं, मेलेल्याच्या बापाच्या नजरेला पडायचं नाही, असा रिवाज आहे. त्याप्रमाणे चाळीसेक घरं एका दिवसात उठली. आमच्या शेखने त्यांना आसरा दिला. तेव्हापासून ती माणसं आमच्या गावाच्या पूर्वेला, काळ्या दगडांच्या माळावर भाड्याच्या खोल्यांत राहत होती. आमच्या आसऱ्याला आलेली म्हणजे त्यांची अब्रू ती आमची अब्रू.

सात वर्षांनी आता समेट जुळत आला होता. रातिबचा बाप मोठ्या मुश्किलीने वळला होता. ऑलिव्हची तोडणी झाली की मोठी मंडळी त्याच्याकडे जाणार, तो सगळ्यांसमोर माफी देणार आणि हाज मुफ्लेह गावी परतणार, असं ठरलं होतं. हाज तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. दर शुक्रवारी मशिदीबाहेर मला म्हणायचे, "अबू सनद, माझ्या झाडांनी मला ओळखलं नाही तर ओळख करून द्यायला तू चल हो."

या सगळ्याला एकच अट होती. सुरुवातीला, बदला घेऊ नये म्हणून तह मागताना त्यांनी रातिबच्या बापासमोर कबूल केलं होतं, गुन्हा आमचा, पूर्ण आमचा. समेट होईपर्यंत त्यांच्यातल्या कोणी दुसरं काही बोलायचं नव्हतं.

उलाला ही हकीकत हवी होती. एका माणसाच्या एका गोळीसाठी चाळीस घरं गाव सोडून कशी राहतात ते त्या घरांच्या आत बसून कोणी लिहिलं नव्हतं. लंडनच्या एका मासिकाने तिला कळवलं होतं, आण, आम्ही छापतो.

आम्ही गेलो. हाजनी जेवू घातलं, उलाला घरची मुलगी म्हटलं, आणि तिने विषय काढला तसे हसले. "मुली, शेळ्यांबद्दल विचार, माझ्या गुडघ्यांबद्दल विचार. तो विषय सोड. तो तोडणीनंतर." आठ दिवसांनी पुन्हा गेलो. पुन्हा तेच. परत येताना ती गाडीत खिडकीबाहेर बघत बसली. मफ्रकच्या वळणावर म्हणाली, "जाऊ दे काका. म्हातारा माणूस आहे. मी तिकीट बघते."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून एकदा जाऊ."

आमच्यात एक चाल आहे. पाहुण्याला यजमानाकडे फार मोठं काही मागायचं असेल तर तो पुढे आलेली कॉफी पीत नाही. पेला जमिनीवर ठेवतो. सगळ्यांच्या लक्षात येतं. न प्यालेली कॉफी घरात राहणं ही यजमानाची बदनामी. मग यजमान म्हणतो, पी, तू जे मागायला आलास ते दिलं. काय मागायचंय हे कळायच्या आधी तो ते देऊन बसलेला असतो. मुलगी मागायला जातात तेव्हा असं करतात. रक्ताची माफी मागायला जातात तेव्हा करतात. बातमीसाठी हे कोणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं.

उलाला मी यातलं काही सांगितलं नाही. तिला हे माहीत असतं तर ती तयार झाली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणालो, "आज कॉफी आली की पेला समोर जमिनीवर ठेव. मी खूण करेपर्यंत उचलू नकोस."

"का?"

"गरम असते."

सप्टेंबरातली सकाळ होती. बैठकीत हाज, त्यांचा मुलगा झैदान, आणि शेजारचे दोन म्हातारे. झैदानने किटली फिरवली. उलाने पेला घेतला आणि गालिच्याच्या कडेला जमिनीवर ठेवला. शेजारी मीही माझा ठेवला.

बोलणं थांबलं. झैदान किटली हातात धरून तसाच उभा राहिला. दोघा म्हाताऱ्यांतला एक पुटपुटला, "हिला लग्न करायचंय की काय या घरात?" दुसरा हसला. हाज हसले नाहीत. त्यांनी पेल्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. तिच्याकडे नाही. तिला हे कोणी शिकवलं ते त्यांना कळलं होतं.

"अबू सनद," ते म्हणाले, "ही परदेशी आहे. तू नाहीस."

मी मान खाली घालून बसलो. त्या वेळीसुद्धा पेला उचलता आला असता. म्हणता आलं असतं, चूक झाली, हाज, गंमत केली.

बराच वेळ गेला. मग हाज म्हणाले, "प्या. जे मागायला आलात ते दिलं."

मी उलाला खूण केली. आम्ही प्यालो. गार झाली होती.

आणि मग ते बोलले. एकदा दिलं म्हटल्यावर अर्धं हातात ठेवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. दुपारच्या नमाजापर्यंत बोलत होते. गाव सोडतानाचा दिवस, चुलीवर राहिलेली डाळ, ट्रकमध्ये चढायला तयार नसलेली गाय, सात वर्षांत इथे मेलेली नऊ माणसं. उलाचा हात थांबत नव्हता. शेवटी, जणू स्वतःशीच, ते म्हणाले, "आणि पिस्तूल आधी रातिबने काढलं होतं. सगळ्या गावाने बघितलं. त्याच्या बापानेसुद्धा."

तेवढ्यात हज्जा फिद्दाने, त्यांच्या बायकोने, उलाला बायकांच्या खोलीत बोलावलं. ती उठून गेली. हाज माझ्याकडे वळले.

"हे शेवटचं छापायला जाणार नाही."

"नाही जाणार, हाज."

"तिला सांग."

"तिला सांगतो. आणि छापायच्या आधी एकेक शब्द मी स्वतः बघतो. माझं तोंड जामीन."

हे मी गालाला हात लावून म्हणालो. आमच्याकडे तोंड जामीन ठेवणं म्हणजे काय ते मी कसं सांगू. सही नाही, साक्षीदार नाही. शब्द पाळला तर माणसं त्याच्या नावाने आपल्या छपरावर उंच काठीला पांढरं फडकं बांधतात. मोडला तर काळं. माझ्या आजोबांच्या नावाचं पांढरं फडकं मी लहानपणी बघितलेलं आहे.

परतीच्या वाटेवर उला रडत होती, आनंदाने. म्हणत होती, "काका, सहा वर्षं मी याच्यासाठी थांबले होते." वडिलांना फोन लावून त्यांच्या कानाशी बहिणीला तो धरायला सांगितला. मला वाटलं, आत्ता पिस्तुलाचं काढून हिचा आनंद कशाला नासवू. कागद तयार होईल तेव्हा सांगू.

दहा दिवसांनी, बुधवारी, कागद तयार झाला. तिने सगळं अरबीत करून घेतलं होतं, खास माझ्यासाठी. बसस्टँडवर मला आठ पानं दिली. म्हणाली, "नीट वाचा. काही ठिकाणी मी पेन्सिलीने बाजूला लिहिलंय. उद्या दुपारपर्यंत लंडनला कळवायचं आहे."

मी पानं घरी आणली. उम्म सनद म्हणाली, "नोफाकडे घेऊन जा. ती वाचून दाखवेल. अर्ध्या तासाचा तर रस्ता आहे."

"उद्या सकाळी जातो."

"आत्ता का नाही?"

"जावयासमोर मुलगी मला वाचून दाखवणार? मुलांना 'अलिफ बे' शिकवतात तसं?"

"मग स्वतः वाच," ती म्हणाली. "चष्मा आहे ना तुझ्याकडे."

मला राग आला. सकाळी मी नोफाकडे गेलो नाही. गाडीचं तेल बदलायला गेलो. गॅरेजमध्येच फोनवर पेनाचं चित्र आलं.

"काका, वाचलंत?"

"वाचलं."

"सगळं?"

"सगळं. फार सुंदर आहे."

"काही बदलायचं?"

काहीच बदलायचं नाही म्हटलं तर तिला संशय येईल असं वाटलं. मी म्हणालो, "त्यांच्या नावाआधी सगळीकडे हाज लिही. नुसतं नाव बरं दिसत नाही."

"हो हो, लिहिते. बरं झालं सांगितलंत. आणि मी बाजूला लिहिलंय ते? ते विचारलंत?"

काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं.

"तेसुद्धा विचारलं," मी म्हणालो. "ठीक आहे. एक शब्द हलवू नकोस."

ऑक्टोबरच्या मध्याला ते छापून आलं. आठवड्याभरात अम्मानच्या कोणीतरी ते अरबीत संगणकावर टाकलं, आणि तिथून ते ऐन सिदरच्या पोरांच्या हातात गेलं. रातिबच्या बापाने मध्यस्थांकरवी निरोप पाठवला. निरोप छोटा होता. "माझ्यासमोर गुन्हा कबूल केलात आणि परदेशी लोकांसमोर माझ्या मेलेल्या मुलाच्या हातात पिस्तूल दिलंत. तोडणीनंतर कोणी येऊ नये."

आमचा शेख स्वतः दोनदा जाऊन आला. तह कसाबसा टिकला. समेट मोडला.

मी हाजकडे गेलो. दारापाशी पोचायच्या आधी मी छपरावरच्या काठीकडे बघितलं. तिला काळं फडकं नव्हतं. आत झैदान आणि त्याचे चुलतभाऊ बसले होते, कोणी सलामाला नीट उत्तर दिलं नाही. झैदान म्हणाला, "आज आपला पेला स्वतःच घेऊन आलात का?"

"गप्प बस," हाज म्हणाले. मला जवळ बसवलं. "याचा काय दोष? याने तिला सांगितलं असणार. सांगितलं होतंस ना?"

मी हो म्हणून मान हलवली.

"झालं तर मग. परदेशी पोरीला तोंडाची किंमत काय कळणार. तिला तिचा पेपर हवा होता. काळं फडकं बांधायचं तर तिच्या नावाने बांधायला हवं, आणि ते बांधून तिला काय कळणार आहे." मग झैदानला म्हणाले, "याला कॉफी दे."

मी ती कॉफी प्यालो.

उलाला मी सांगितलं की समेट मोडला. तिने विचारलं, "पण तुम्ही त्यांना विचारलं होतं ना? पिस्तुलाचं?"

त्या क्षणी मला कळलं की पेन्सिलीने बाजूला काय लिहिलेलं असणार. तरी मी म्हणालो, "विचारलं होतं. हो म्हणाले. म्हातारी माणसं विसरतात."

"मी जाऊन माफी मागते."

"नको. आत्ता गेलीस तर त्यांची माणसं भडकतील."

ती गेली नाही. माझ्या शब्दावर ती कधीही, काहीही करायची.

त्या लेखाने उलाचं नशीब उघडलं. पुढच्या वर्षी तिला तिच्या देशात बक्षीस मिळालं, आणि मग बैरुतमध्ये पगारी नोकरी. जाताना उम्म सनदच्या गळ्यात पडून रडली. मला म्हणाली, "काका, सगळ्यांना वाटतं मी जिंकले. मला रोज सकाळी उठल्यावर हाजचा चेहरा दिसतो." मी म्हणालो, "तुझा काही दोष नाही, मुली." हे एवढं एकच मी तिला खरं सांगितलं, आणि ते तिने खरं मानलं नाही.

ती गेल्यावर गाडीला काम राहिलं नाही. आमच्या गावच्या मुलींच्या शाळेत दुपारी म्हाताऱ्यांचा वर्ग सुरू झाला होता. उम्म सनद आधीपासून जायची. एके दिवशी मी तिच्या मागोमाग जाऊन बसलो. एकसष्ट वर्षांचा. वर्गात तेरा बायका आणि मी.

"अबू सनद रस्ता चुकला वाटतं," एक म्हणाली.

"नाही गं," उम्म सनद म्हणाली. "याला चष्म्याचा नंबर सापडला."

मास्तरीणबाई नोफाची वर्गमैत्रीण होती. मला फळ्याकडे बोलवताना तिला माझ्यापेक्षा जास्त संकोच वाटायचा. एका वर्षात मी पाटी वाचायला लागलो, मग औषधाची बाटली, मग पेपराचे मथळे. दोन हजार बाराच्या नोव्हेंबरात मी गाडीच्या आसनाखालून ती आठ पानं काढली.

चार दिवस लागले. चांगलं लिहिलं होतं. आजही म्हणतो, फार चांगलं. डाळ होती, गाय होती, ती नऊ माणसं नावांनिशी होती. प्रत्येक ठिकाणी हाजचं नाव नुसतं होतं, कारण हे माझ्या सुधारणेआधीचं. सहाव्या पानावर पिस्तूल आलं. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती आणि बाजूला उलाचं शाळकरी मुलीसारखं टपोरं अरबी अक्षर. ते वाचायला मला फार वेळ लागला नाही. तिने ते मुद्दाम सोपं लिहिलं होतं.

"काका, हे छापलं तर त्यांना त्रास होईल का? हाजना विचारा. जराही शंका असेल तर मी काढून टाकते. हे नसलं तरी माझं चालेल."

मी ते उम्म सनदला दाखवलं. ती माझ्यापेक्षा भरभर वाचते. वाचून तिने पान उलटं ठेवलं आणि पीठ मळायला गेली. स्वयंपाकघरातून म्हणाली, "अर्ध्या तासाचा रस्ता होता."

डिसेंबरात मी ते सहावं पान खिशात घालून हाजकडे निघालो. ठरवलं होतं, पेला खाली ठेवायचा. ते म्हणतील, पी, दिलं. मग पान काढायचं आणि सांगायचं, ती पोरगी नव्हती. तिने विचारलं होतं. मला वाचता येत नव्हतं आणि तेवढं सांगायची मला लाज वाटली. काळं फडकं माझ्या नावाचं बांधा.

हाज आता अंथरुणातच होते. शेगडीजवळ त्यांची गादी घातली होती. एका डोळ्याने दिसत नव्हतं. मला बघून आनंद झाला. झैदानने कॉफी ओतली. माझ्यावरचा त्याचा राग एव्हाना विझला होता, किंवा थकला होता. मी पेला घेतला आणि जमिनीवर ठेवला.

हाजनी मान वळवून चांगल्या डोळ्याने पेल्याकडे बघितलं.

"अबू सनद," ते म्हणाले, "मागच्या वेळी तू हा पेला खाली ठेवलास तेव्हा माझं गाव गेलं. आता या घरात काय उरलंय बाबा? दोन कोंबड्या आहेत. फिद्दाला विचारून घेऊन जा."

झैदान हसला. हाज स्वतः इतके हसले की खोकला लागला. त्या खोकल्यात, तो थांबायच्या आत, मी पेला उचलला आणि पिऊन टाकला.

"प्यालास?" खोकला थांबल्यावर त्यांनी विचारलं. "काही मागायचं नव्हतं?"

"नव्हतं, हाज. हात भाजला म्हणून ठेवला."

"मग ठीक," ते म्हणाले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. ऐन सिदरला या वर्षी पाऊस बरा झालाय असं ऐकलं, म्हणाले. झाडं कोणी छाटली असतील का, म्हणाले. कागद माझ्या छातीवरच्या खिशात होता. श्वास घेतला की वाजायचा.

उला दर ईदला फोन करते. अजून मला काका म्हणते, आणि दर वेळी हाजच्या घरच्यांची खुशाली विचारते. हे मी अरबीत लिहिलं आहे, सोप्या अक्षरांत, तिला वाचता यावं म्हणून. झैदानलाही एक प्रत देणार आहे. काळं फडकं कोणाच्या नावाने बांधायचं ते तो ठरवील.

समेट दोन हजार सोळा साली झाला आणि चाळीस घरं ऐन सिदरला परत गेली. हाज मुफ्लेह त्यांच्यात नव्हते. ते दोन हजार तेरा सालच्या फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, सोमवारी, सकाळी नऊच्या सुमारास आमच्या माळावरच्या भाड्याच्या खोलीत वारले, आणि त्याच दुपारी त्यांना आमच्या गावच्या कब्रस्तानात पुरलं.